आंतोनच्या अंगणात आबा

आबांनी पिशवी काही मांडीवरून खाली ठेवली नाही.

"आबा, द्या इकडं. खुर्चीला अडकवतो," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

"असू दे. तिला काय वजन न्हाई."

वजन होतं. मांजरपाटाची पिशवी, तळाशी काहीतरी गोल, डब्यासारखं, आणि वर घडी केलेलं फडकं. आबा बसमधून उतरल्यापासून मी त्या पिशवीकडे बघत होतो. शिदोरी. दुसरं काय असणार? ज्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं ठरलेलं असे, त्या घरी माझा बाप भाकरी बांधून घेऊन जायचा. समोरच्याने ताट वाढलं की शांतपणे आपलं फडकं सोडायचा. त्यापुढे 'नाही' हा शब्द उच्चारायची वेळच येत नसे.

आणि त्या दिवशी 'नाही' आलं असतं तर सगळंच संपलं असतं.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार, दुपारचा एक. आम्ही बसलो होतो देवळाली कॅम्पातल्या एका बारच्या अंगणात. पाटीवर नाव होतं 'ओल्ड ऑर्चर्ड', पण सगळा कॅम्प त्याला आंतोनचं अंगण म्हणायचा. गोऱ्या सोजिरांच्या काळात, १९११ साली, गोव्याहून आलेल्या एका आचाऱ्याने तो काढला आणि आता त्याचा नातू आंतोन फर्नांडिस चालवत होता. बार म्हटला की आमच्या सिन्नरकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर हिरवा पडदा आणि मागचं दार येतं. इथे तसलं काही नव्हतं. तीन जुनी जांभळाची झाडं, त्यांच्या सावलीत लोखंडी टेबलं, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, आणि चर्चमधून परस्पर जेवायला आलेली लेकुरवाळी माणसं. पिणारे बहुतेक आत, काउंटरच्या खोलीत बसत.

आंतोनची मुलगी लिलियन आमच्या कारखान्यात टायपिस्ट होती, मी ड्राफ्ट्समन. दोन वर्षं आम्ही लग्नाचं बोलत होतो आणि दोन वर्षं तिचे वडील एकच वाक्य बोलत होते. "कोर्टातलं लग्न मला नको. तुझा बाप इथे येणार, माझ्या घरचं जेवणार, आपल्या तोंडाने हो म्हणणार. मग बघू." लिलियनही बापाच्याच बाजूची. चोरून संसार मांडायला मी काय चोर आहे, असं तिने मला ऐकवलं होतं. आबांना मी किती पत्रं घातली त्याला सुमार नाही. शेवटी एक कार्ड आलं. 'रविवारी येतो. बोलणं झालं की लगेच परत.' जेवणाचा उल्लेख नाही.

आबा बावीस वर्षं गावचे पोलीसपाटील होते. धोतर, कोट, आणि डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. ती टोपी हा माझा दुसरा घोर होता.

कारण काउंटरच्या खोलीला एक नियम होता. दाराशी टोप्यांसाठी लाकडी खुंट्या होत्या, काउंटरवर पितळी घंटा होती. जो टोपी घालून उंबरा ओलांडेल त्याच्या नावाने घंटा वाजायची, आणि त्याने एकतर टोपी काढायची नाहीतर खोलीतल्या सगळ्यांना पाजायची. सोजिरांच्या वेळची पद्धत. आणि आमच्या गावात बाप्या माणसाची टोपी चारचौघांत उतरते ती एकाच कारणाने, मयताला. एरवी ती काढ म्हणणं म्हणजे तुझं कोणीतरी मेलं असं म्हणणं. माझ्यासारख्या हुशार माणसाने यावर तोड काढली होती. नियम आतल्या खोलीचा, अंगणाला लागू नाही. तेव्हा आबांना अंगणात बसवायचं, अंगणातून बसला न्यायचं आणि टोपीचा विषयच काढायचा नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत दहा मार्कांसाठी स्पष्ट करून लिहिली होती.

लिलियन पाण्याचे पेले घेऊन आली. आबांना वाकून नमस्कार केला. आबांनी हात थोडा वर केला. पेले ठेवता ठेवता ती माझ्या कानाशी पुटपुटली, "सांगितलंस ना त्यांना टोपीचं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

ती समाधानाने आत गेली.

मग फर्नांडिस आले. सहा फूट उंच, छातीवर एप्रन, डोक्याला केसही नाही आणि टोपीही नाही. आबांची नजर आधी त्या उघड्या डोक्यावर गेली आणि तिथेच क्षणभर राहिली.

"नमस्कार, पाटील. प्रवास बरा झाला ना?"

"झाला." आबांनी अंगणावर नजर फिरवली. "दारू किती इकता?"

मी डोळे मिटले.

"लोक पितात तेवढी," फर्नांडिस म्हणाले.

"आन तुमी?"

"रात्री एक ग्लास. बायको ओतून देते."

"एकाचं दोन झालं तर?"

"तर त्या दिवशी जेवण नाही मिळत."

आबांची मिशी किंचित हलली.

"पोरगी देवाला जाती का?"

"दर रविवारी. आजपण सकाळी जाऊन आली."

"बरंय. आमचा तिंबक कुठंच जात न्हाई." त्र्यंबक हे माझं नाव आबांच्या तोंडी कधी पुरं बसलं नाही. "बोकड कुठला?"

"भगूरच्या बाजारातला. मी स्वतः बघून आणला."

"दात बघितलं?"

"दात बघितले, पाटील. कोवळा आहे."

आबांनी मान डोलावली. शेगडीवर चॉप भाजत होते, चरबी निखाऱ्यांवर पडून चुर्रर्र होत होती. माझ्या मनात आलं, जमतंय. हा माणूस बोकडाचे दात विचारतोय म्हणजे जेवायचा विचार करतोय. मग माझी नजर पुन्हा पिशवीवर गेली. दोन्ही हात तिच्यावर तसेच होते.

ताटं आली. निखाऱ्यावरचे चॉप, सिरक्यात मुरवलेली कलेजी, नारळाच्या दुधातला भात, ताजे पाव. लिलियनने स्वतः वाढलं आणि खुर्चीमागे उभी राहिली. फर्नांडिस समोर बसले. मी घास हातात घेऊन थांबलो.

आबा ताटाला शिवले नाहीत.

अर्धं मिनिट गेलं. शेजारच्या टेबलावर एक पोर लिंबूपाण्यासाठी रडत होतं. फर्नांडिसांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"पाटील," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आज घरात डुकराचं काही शिजवलं नाही. ही भांडीपण नवीन काढली तुमच्यासाठी."

"तसं काय न्हाई."

"मग काय?"

आबांनी पिशवीचा बंद चाचपला. आता सोडणार. आता या माणसाच्या नव्या ताटाशेजारी बाजरीची भाकरी ठेवणार. खुर्चीमागे लिलियनच्या बांगड्या वाजल्या, तिनेही तेच ओळखलं असावं. आबांच्या शिदोरीच्या सवयीचं मीच तिला आधी सांगून ठेवलं होतं.

"मालकीण कुठंयत?" आबांनी विचारलं.

"आत, किचनमध्ये. तिचे गुडघे धरलेत. ती बाहेर येत नाही."

"ताट त्यांनी रांधलं, आन त्यांची गाठ न्हाई?"

"बोलावू का? थोडा वेळ लागेल तिला..."

"नको. गुडघं धरलेल्या बाईला कशाला उठवायचं?" असं म्हणून आबा उठले. पिशवी काखेत घेतली आणि चालू लागले.

मला वाटलं निघाले. गेटाकडे वळतील म्हणून मी अर्धवट उभा राहिलो, "आबा, बसा ना, आबा," असं काहीतरी केविलवाणं बोललो. पण ते गेटाकडे वळले नाहीत. किचनचा वास जिकडून येत होता तिकडे, काउंटरच्या खोलीकडे निघाले. अंगणातून किचनला दुसरा रस्ता नव्हता.

"त्यांना माहीत आहे ना?" लिलियन म्हणाली.

मी धावलो. खुर्ची मागे पडली ती उचलायलाही थांबलो नाही. आबा उंबऱ्याशी क्षणभर थांबले. माझ्याकडे पाठ होती. पिशवीत हात घालून काहीतरी करत होते, ते मला दिसलं नाही. मला फक्त टोपी दिसत होती. मी सात-आठ पावलांवर असताना त्यांनी उंबरा ओलांडला.

घंटा वाजली.

वाजवली ती सुभेदार इंगवल्यांनी. रिटायर झाल्यापासून त्यांची खुर्ची घंटेशेजारीच असे. "आली रे आली, टोपी आली!" ते ओरडले. "मामा, आता पाजा सगळ्यांना!" खोलीत दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. टोपी, टोपी, टोपी. त्यात दुष्टावा नव्हता, हे आज सांगतो. नव्या माणसाची तिथे अशीच गंमत करायचे. आबा खोलीच्या मधोमध थांबले. ते हसू बघत होते. लोक हसतायत म्हणजे आपणही हसावं, असं भोळं, अर्धवट हसू त्यांच्या तोंडावर आलं होतं.

ते हसू मला सहन झालं नाही. कोपऱ्यात आमचे दातारसाहेब बसले होते, ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य. तेही टेबलावर बोटं वाजवत होते आणि आबांच्या धोतराकडे बघून मग माझ्याकडे बघत होते. मला आबांची लाज वाटली. नियमाची काळजी नाही, लग्नाची नाही, लाज. माझ्या बापाची, त्याच्या धोतराची, त्या हसण्याची.

मी मागून गेलो आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली. काढली कसली, ओढली.

टेबलं थांबली.

आबांचं डोकं मी तोवर चारचौघांत दोनदाच उघडं पाहिलं होतं. आजोबा गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा. कपाळावर टोपीची रेघ, तिच्याखाली रापलेला चेहरा आणि वर पांढरीफटक कातडी. ते वळले. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. दोन्ही हात भरलेले होते. एकात नारळ, एकात हिरव्या खणाची घडी. टोपी धरायला त्यांना हातच नव्हता.

"कोण गेलं?" आबांनी विचारलं.

रागाने नाही. खरोखर विचारलं. माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहिली. टोपी माझ्या मुठीत चुरगळली होती.

"तिंबक, कोण गेलं?"

उत्तर माझ्या मागून आलं. फर्नांडिस उंबऱ्यावर उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी काउंटरच्या वरच्या भिंतीकडे हात केला. तिथे ओळीने सात फोटो होते. दोन गोरे, पाच आपले, सगळे वर्दीतले, सगळे पोरसवदा.

"इथे बसायचे, पाटील. इथून लढाईवर गेले, परत नाही आले. हा शेवटचा माझा रॉबर्ट. एकाहत्तर साल. एकवीस वर्षांचा होता. टोपीची पहिल्यांदा नुसती गंमत होती, सोजिरांची. हे फोटो लागल्यावर मी म्हटलं, गंमत करा, पण यांच्यासमोर डोकं उघडं पाहिजे."

मला हे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. लिलियनने मला भावाचा फोटो पहिल्याच भेटीत दाखवला होता. बसस्टँडपासून अंगणापर्यंत वीस मिनिटं मी आबांबरोबर चाललो होतो. त्या वीस मिनिटांत एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. आबा, आत मयतांचे फोटो आहेत.

आबा फोटोंपुढे गेले. नारळ आणि खण हातात तसेच धरून त्यांनी मान खाली घातली. खोलीतले सगळे उठून उभे राहिले. सुभेदारांनी घंटेचा लोलक मुठीत धरला होता.

"आधी सांगायचं व्हतं," आबा फर्नांडिसांना म्हणाले. "मी उंबऱ्याभाईर काढून ठिवली असती."

फर्नांडिसांनी लिलियनकडे पाहिलं. लिलियनने माझ्याकडे पाहिलं.

"पाटील, चुकलं माझं," सुभेदार म्हणाले.

"तुमचं न्हाई चुकलं."

किचनच्या दारात लिलियनची आई येऊन उभी राहिली होती, काठी टेकत. घंटेनंतर नेहमीचा गोंगाट का ऐकू येत नाही ते बघायला आली असावी. आबा तिच्याकडे गेले.

"बाई, आमच्यात सून मागायला आलं की आधी घरच्या बाईच्या वटीत नारळ पडतो, मगच ताटाला हात लावायचा. हे बाईचं काम. तिंबकची आई असती तर तिनं केलं असतं. ती न्हाई, म्हून माझ्याच हातनं घ्या. खण तिचाच हाय, तिनं सुनंसाठी ठिवलेला."

त्या बाईला ओटी म्हणजे काय करायचं हे कुठलं माहीत असणार? तिने एका हाताने पीठ लागलेला एप्रन पुढे धरला. आबांनी त्यात नारळ ठेवला, वर खण ठेवला. लिलियन रडायला लागली. फर्नांडिसांनी नाक शिंकरलं. होकार झाला होता. खरं तर तो अंगणातून उठताना आबांच्या काखेतच होता, आणि मी त्याच्या मागे धावलो होतो.

मग आबा जेवले. तीन चॉप खाल्ले, चौथा मागून घेतला. कलेजीतला सिरका घरी कसा करता ते विचारलं. फर्नांडिस आणि ते बैलांवर बोलले, पावसावर बोलले, लग्नाला चैत्रातला मुहूर्त आणि चर्चमधला दिवस असे दोन्ही धरायचे ठरले. सगळा वेळ आबा उघड्या डोक्याने बसले होते. सगळा वेळ टोपी टेबलाखाली माझ्या हातात होती. मी एकदा ती पुढे केली. त्यांनी पाव मोडून ताटातला रस टिपला, बघितलं नाही.

बसस्टँडवर ऊन रणरणत होतं.

"आबा, टोपी घाला."

त्यांनी ती घेतली. हाताने घडी सरळ केली, रिकाम्या पिशवीत घातली.

"आबा, ऊन आहे."

"असू दे," आबा म्हणाले. "पोरगी चांगली हाय. नीट वाग तिच्याशी."

बस आली आणि ते गेले.

चैत्रात लग्न झालं. आबा नवा कोट, नवी टोपी घालून आले. मी पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनी टोपी काढून बगलेत धरली, मला आशीर्वाद दिला आणि मी बाजूला झाल्यावर पुन्हा घातली. गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही.

लक्षात आलं ते लिलियनच्या, पहिल्या दिवाळीला. "आबा माझ्यासमोर टोपी घालून बसतात," ती म्हणाली. "तू घरात आलास की उठून खुंटीला लावतात. का?"

"उकडत असेल."

"दिवाळीत?"

त्यानंतर मी दरवर्षी बघत राहिलो. अंगणात बसलेले असत, गावातली माणसं भोवती असत, टोपी डोक्यावर. मी फाटकातून शिरलो की हात वर जायचा. बोलणं न थांबवता, माझ्याकडे न बघता. मग प्रेमाने विचारपूस करायचे, नातवंडांना मांडीवर घ्यायचे, मला आग्रहाने वाढायचे. रागाचा शब्द एकोणीस वर्षांत एकदाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

एकदाच मी धीर केला. ते ओट्यावर बाजरी पाखडत होते, टोपी मला बघून शेजारी काढून ठेवलेली. म्हटलं, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं. घाला ना आता."

त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "मी कुठं काय म्हनलो?" ते म्हणाले. "टोपी कशासाठी उतरती ते तुला म्हायती व्हतं. तूच उतरवलीस. मी आपली तशीच ठिवली."

दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर आबा गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. फर्नांडिस आमच्याबरोबर आले होते, ऐंशीचे, काठी टेकत. गावातले लोक जमले होते, सगळ्यांनी टोप्या काढून हातात घेतलेल्या. धोतर नेसवलं होतं, कोट घातला होता. कोणीतरी आतून खुंटीवरची टोपी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणालं, "थोरला तू. घाल."

मी वाकलो. कपाळावरची ती रेघ अजून तशीच होती. टोपी मी तिच्यावर नीट बसवली, दोन्ही हातांनी. मग मागे सरलो. सगळं अंगण उघड्या डोक्याने उभं होतं, आणि आबा माझ्यासमोर टोपी घालून होते.